खांब, पेट्या, टोपल्या : स्कीना नदीकाठचा सातबारा

स्कीनाकाठ (धागाकर्ती)

मागे एका धाग्यावर "एवढ्या लांब राहतेस तर तिथलं काहीतरी लिही" असं दोघातिघांनी सुचवलं होतं. आज मुहूर्त लागतोय. आई सहा महिने राहून परवाच परत गेली आणि घर एकदम सुनं झालंय, तेव्हा बसले लिहायला.

मी टेरेसला असते. ब्रिटिश कोलंबियाच्या वायव्य कोपऱ्यात स्कीना नदीच्या काठावरचं हे गाव. वँकूवरहून गाडीने यायचं तर मध्ये एक मुक्काम करावाच लागतो. नदी पुढे प्रिन्स रुपर्टजवळ समुद्राला मिळते. खालच्या अंगाला आणि किनाऱ्यावर सिमशियन लोकांची गावं आहेत, वरच्या खोऱ्यात गित्क्सान लोकांची. दोन्ही भाषा एकाच कुळातल्या आणि दोन्ही नावांत नदी आहे. नदीचं त्यांच्या भाषेतलं नाव क्सान. (सिमशियन इंग्रजीत लिहिताना पुढे एक 'टी' असतो, तो गिळायचा. गित्क्सानमधला 'क' घशातून घासत काढायचा असतो. मला अजून जमत नाही, आईला पहिल्या झटक्यात जमला.)

तर आईला घेऊन गितान्याऊला गेले होते. टेरेसपासून दीड तास. गावात जुने-नवे टोटेम खांब (झाडाच्या खोडातून कोरलेले उंच खांब) ओळीने उभे आहेत, काही पार करडे पडलेले, भेगाळलेले. आईने गाडीतून उतरताच चपला काढल्या, हात जोडले आणि मला विचारलं, "हे कुठले देव गं?" शेजारून एक आजीबाई चालल्या होत्या. त्यांनी हे पाहिलं आणि हसून थांबल्या. मी प्रश्न सांगितला. त्या म्हणाल्या, देव नाहीत, यांना कुणी पुजत नाही. मग एका खांबाकडे बोट करून वरपासून खालपर्यंत सांगत गेल्या: हे कोणत्या घराचं आहे, ते घर कुठून आलं, वाटेत पूर्वजांना काय भेटलं, कोणत्या ओढ्यापाशी थांबले. सगळं इथे लिहीत नाही. ती गोष्ट त्या घराची आहे, माझी नाही. हे का म्हणतेय ते पुढे येईल.

घराला गित्क्सानमध्ये 'विल्प' म्हणतात. आपल्या भाषेत घराणं म्हणा. ते आईकडून चालतं, मामाचं नाव भाच्याकडे जातं. घराण्याच्या इतिहासाला 'अदाऊख', जमिनीला 'लाख्यिप'. खांबावरचा लांडगा, बेडूक, गरुड हे त्या इतिहासातून मिळालेली कुळचिन्हं. खांब उभारायचा तर मोठी मेजवानी, दुसऱ्या कुळांना आमंत्रण, सर्वांसमोर इतिहासाचं आणि नावांचं उच्चारण. आणि आलेल्या पाहुण्यांना मोबदला देतात, कारण ते साक्षीदार असतात. पुढे कुणी वाद काढला तर त्यांनी सांगायचं.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे हा सातबारा झाला की. तलाठ्याशिवायचा."

यावर बोलू. कोरीव कामाबद्दल, टोपल्यांबद्दल कुणाला माहिती असेल तर भर घाला.

---

खवचट_काका

छान लिहिलंय, पण थोडं थंड पाणी ओततो. सातबारा वगैरे आईंचं कौतुक म्हणून ठीक. मी अलास्काच्या क्रूझला गेलो होतो, प्रत्येक बंदरावर टोटेम खांब, प्रत्येक दुकानात वीतभर प्लास्टिकचा टोटेम. एकाने तर सांगितलं की ही कला मधे मेलीच होती, साठ-सत्तरच्या दशकात गोऱ्या लोकांनी पुस्तकं वाचून परत उभी केली. मग त्यात 'परंपरा' किती आणि पर्यटन किती?

---

तारीखपेतारीख

काका, सातबारा ही उपमा आईंनी सहज दिली असेल, पण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेमका हाच मुद्दा गेलाय. आमच्या धंद्यात हा खटला शिकवतात, म्हणून माहीत.

१९८४ साली गित्क्सान आणि शेजारच्या वेट्सुवेटेन लोकांच्या वंशपरंपरागत प्रमुखांनी सरकारवर दावा लावला. सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर मुलुख आमचा आहे, आम्ही तो कधी कुणाला लिहून दिलेला नाही. (आपल्या कोकण विभागाच्या जवळजवळ दुप्पट.) खालच्या कोर्टात ३७४ दिवस कामकाज चाललं. पुरावा काय? कागद नव्हते. अदाऊख होते, घराण्यांची गाणी होती, कुळचिन्हं होती. मेरी जॉन्सन या वृद्ध प्रमुख बाई साक्षीत घराण्याचं गाणं म्हणायला लागल्या, तर न्यायमूर्ती मॅकईकर्न म्हणाले की मला सुरांचा कान नाही, माझ्यापुढे गाऊन उपयोग नाही. १९९१ ला दावा फेटाळला.

सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९७ ला तो निकाल बाजूला ठेवला. मौखिक इतिहासाला लेखी कागदपत्रांच्या बरोबरीने वजन द्यायला हवं, असं सांगितलं आणि खटला पुन्हा चालवायला पाठवला. मुलुखाशी असलेल्या नात्याच्या खुणा मोजताना निकालपत्रात कुळचिन्हं कोरलेल्या टोटेम खांबांचा उल्लेख आहे, मेजवानीच्या दालनाचाही आहे. फेरखटला मात्र झाला नाही. माझं टोपणनाव मी उगीच घेतलेलं नाही.

आता गंमत. खटल्याचं नाव डेलगामूक्व. ते एका माणसाचं नाव नव्हे, गादीचं नाव आहे, एकाकडून दुसऱ्याकडे जातं. १९९७ मध्ये ते अर्ल मल्डो यांच्याकडे होतं. आणि हे अर्ल मल्डो व्यवसायाने कोण? लाकूड कोरणारे कलाकार.

---

लोअरमेनलँड

अर्ल मल्डो म्हणजे वँकूवरच्या आमच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्र संग्रहालयाचे दरवाजे करणाऱ्यांपैकी एक! दहा वेळा त्या दारांतून आत गेलेय, डोक्यात हे कधी जोडलं गेलं नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९७६ साली वॉल्टर हॅरिस, अर्ल मल्डो, आर्ट स्टेरिट आणि व्हर्नन स्टीफन्स या चौघांनी ती दारं कोरली. हेझल्टनजवळ क्सान नावाचं वसवलेलं खेडं आहे, १९७० ला उघडलं, तिथल्या कार्यशाळेत. रेड सीडरचे प्रचंड पल्ले आहेत. मिटले की समोरून लाकडी पेटीसारखे दिसतात. त्यावर स्कीना खोऱ्यातल्या पहिल्या लोकांची गोष्ट आहे.

काकांच्या प्रश्नाचा अर्धा भाग खरा आहे, हे कबूल करायला हवं. क्सानच्या शाळेत शिकवायला आलेल्यांत डग क्रॅनमर आणि टोनी हंट हे दक्षिणेकडचे क्वाक्वाकावाक्व होते, रॉबर्ट डेव्हिडसन समोरच्या बेटांवरचे हायडा, आणि बिल होम, डुएन पास्को हे गोरे. बिल होम यांनी संग्रहालयांतल्या शेकडो वस्तू तपासून १९६५ च्या पुस्तकात या चित्रशैलीचं व्याकरण मांडलं. 'फॉर्मलाइन' हा शब्द त्यांच्यामुळे रूढ झाला: जाड-बारीक होत जाणारी एकच सलग काळी रेघ जिच्यातून प्राण्याचं सगळं अंग बांधलं जातं, डोळ्याच्या आणि सांध्याच्या जागी गोलसर चौकोन, आत लाल रंगाची दुय्यम रेघ. त्यामुळे क्सानच्या सुरुवातीच्या छापील चित्रांत आणि कोरीव फळ्यांत शैलींची मिसळण आहे, ती नजरेला कळते.

पण 'मेली होती' हे मला पटत नाही. मेली की मारली?

---

स्कीनाकाठ

मारायचा प्रयत्न झाला, आणि तोही कायद्याने. १८८४ साली पॉटलॅचवर, म्हणजे या मेजवान्यांवर, बंदी आली. ती १९५१ पर्यंत टिकली. मेजवानी नाही म्हणजे साक्षीदार नाहीत. साक्षीदार नाहीत म्हणजे खांब उभारून उपयोग काय? नोंदणी कार्यालयच बंद केलं म्हणा ना. शिवाय मुलांना निवासी शाळांत पाठवून भाषा तोडली.

किनाऱ्यावर फटका लवकर बसला. विल्यम डंकन हा मिशनरी १८५७ ला फोर्ट सिम्प्सनला आला. १८६२ ला काही सिमशियन लोकांना घेऊन त्याने मेटलाकाटला नावाचं आदर्श ख्रिस्ती गाव वसवलं. तिथे राहायचं तर पॉटलॅच, मुखवट्यांचे विधी, सगळं सोडायचं. पुढे चर्चशी बिनसलं तेव्हा १८८७ मध्ये सुमारे ८०० जणांसह तो अलास्कात ॲनेट बेटावर गेला आणि तिथे नवं मेटलाकाटला उभं राहिलं.

वरच्या खोऱ्यात मात्र लोक हट्टी. १९४५ मध्ये, बंदी चालू असताना, गित्सेगुकला गावात खांब उभारण्याच्या मेजवान्या झाल्या. विल्यम बेनन नावाचे सिमशियन अभ्यासक तिथे पाहुणे म्हणून बसले होते आणि त्यांनी वह्याच्या वह्या भरून टिपणं ठेवली. मग 'साठच्या दशकात पुन्हा सुरू झाली' असं म्हणणाऱ्यांनी त्या वह्यांचं काय करायचं?

हेच गाव १८७२ मध्ये जळालं होतं. खाणकाम करायला आलेल्या लोकांनी पेटवलेली आग विझवली नाही, घरं आणि खांब गेले. लोकांनी नदी अडवली, होड्या जाऊ देईनात. शेवटी गव्हर्नरला भरपाई द्यावी लागली.

आणि गितान्याऊचं ऐका, जिथे आईने चपला काढल्या. १९५८ साली व्हिक्टोरियाच्या प्रांतिक संग्रहालयाला तिथले जुने खांब जतन करायला हवे होते. गावाने अटी घातल्या: खांब न्याल तर हुबेहूब प्रतिकृती करून गावात परत उभ्या करायच्या, आणि आमचा इतिहास, आमच्या हद्दी, आमचे कायदे आम्ही सांगू तसे छापायचे. पुढच्या वर्षी ते पुस्तक निघालं. लाकूड दिलं आणि हक्क छापून घेतला. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "चांगले वकील होते."

---

पटाशी

माझ्यासारख्या सुतारकामाच्या नादी माणसाला या पेट्यांबद्दल सांगा कुणीतरी. की मीच सांगू? सांगतोच, कारण गेल्या पावसाळ्यात एक करायला गेलो आणि हसं झालं.

चार बाजूंची पेटी, पण बाजूंना फळी एकच. सरळ रेषांची, गाठ नसलेली रेड सीडरची फळी घ्यायची. तीन ठिकाणी आडव्या खाचा पाडायच्या, फळी आरपार न कापता. मग त्या जागी वाफ द्यायची आणि काटकोनात वाकवायची. तीन कोपरे वाकून तयार होतात, चौथा कोपरा लाकडी खुंट्या मारून किंवा दोरीने शिवून जोडायचा. तळ वेगळा, बाजूंत घट्ट बसवलेला. खिळा नाही, सरस नाही, तरी पाणी गळत नाही. तापवलेले दगड आत टाकून त्यात स्वयंपाक करत. उलिखन नावाच्या छोट्या माशाची चरबी साठवत. कपडे, मुखवटे त्यातच.

मी काय केलं, प्रेशर कुकरला नळी लावून सागाच्या पट्टीला वाफ दिली. पहिल्याच कोपऱ्याला फाट्. सागाचा दोष नाही, वाळलेल्या लाकडाचा आणि माझ्या खाचेचा आहे. त्यांची खाच नुसती इंग्रजी 'व्ही' नसते, आतून थोडी कोरून घेतलेली असते, म्हणजे वाकताना लाकडाला जागा मिळते.

हत्यारांत मुख्य आपल्याकडच्या वाकसासारखं, म्हणजे आडव्या पात्याचं तासायचं हत्यार. खांबाच्या पृष्ठभागावर त्याच्या ओळीने खुणा राहतात, त्या मुद्दाम ठेवतात. बारीक कामाला वाकडं पातं असलेली सुरी, स्वतःकडे ओढत चालवायची. लोखंड मुबलक मिळायच्या आधी दगडाची, शिंपल्याची, बीव्हरच्या दातांची हत्यारं होती. रंगाला कोळसा आणि गेरू. आणि चिकटपणासाठी? साल्मन माशाची अंडी, सीडरच्या सालीबरोबर चावून.

एक दुरुस्तीही. सीडरला मराठीत देवदार लिहू नका. आपला हिमालयातला देवदार हा खरा सीडर. तिकडचा रेड सीडर निराळ्याच घराण्याचा, सायप्रसच्या जवळचा. हलका, चिरला की सरळ उभा फाटतो, सहज कुजत नाही. उभ्या जिवंत झाडातून पाचर मारून फळ्या काढत आणि झाड पुढे वाढत राही.

---

लोअरमेनलँड

पटाशी, तुम्ही लाकडाचं बोलताय, मी दगडाचं एक सांगून घेते.

सिमशियन मुलुखात मिळालेले दोन दगडी मुखवटे आहेत. एकाचे डोळे उघडे, एकाचे मिटलेले. एकोणिसाव्या शतकात वेगवेगळ्या माणसांनी ते नेले. एक पॅरिसला गेला, एक कॅनडाच्या राष्ट्रीय संग्रहात. १९७५ ला व्हिक्टोरियाच्या प्रदर्शनासाठी दोन्ही एकत्र आणले तर एकाच्या आत दुसरा अचूक बसला. म्हणजे नाचणाऱ्याने तोंड फिरवायचं आणि क्षणात डोळे उघडायचे किंवा मिटायचे. दगडाचे! मानेवर किती वजन येत असेल.

हे मुखवटे 'नाक्सनॉक' म्हणजे अलौकिक शक्तींच्या नाट्यप्रयोगाचे. सिमशियनांत असे मुखवटे आणि यांत्रिक करामती बनवणारा कारागिरांचा वेगळा वर्ग होता, गित्सोंत्क. ते रानात लपून काम करत. कारण गुपित फुटलं तर प्रयोगाचा अर्थच जातो.

सिमशियन चेहरा ओळखायची खूणही सांगते. गालाची हाडं वर आलेली आणि त्यावर कातडी ताणून बसवल्यासारखा नितळ पृष्ठभाग. हायडा मुखवट्याशेजारी ठेवा, लगेच कळतं.

---

खवचट_काका

१९४५ चं मला माहीत नव्हतं, शब्द मागे घेतो. पण मग विकण्याचं काय? पवित्र, गुपित, घराण्याचा हक्क, आणि मग गॅलरीत किंमतीची चिठ्ठी. बरं, कोरणारा नेमका कोण? घराण्यातलाच?

---

स्कीनाकाठ

नाही, आणि इथेच मला सगळ्यात मजा वाटते. खांब आईच्या कुळाचा, पण कोरायला बोलवायचा तो दुसऱ्या कुळातला, वडिलांकडच्या बाजूचा. त्याला मोबदला देतात, सर्वांसमोर. आपल्याकडे बारशाला आत्याच लागते आणि लग्नात मामाच लागतो, त्यातली जात आहे ही. स्वतःचा सातबारा स्वतःच लिहायचा नाही.

विकण्याबद्दल: सगळंच कुळचिन्ह नसतं. बांगड्या, छापील चित्रं, छोटे मुखवटे बाजारासाठीच करतात, आणि करणाऱ्याला कोणती आकृती वापरायचा अधिकार आहे हे त्याला पक्कं माहीत असतं. वॉल्टर हॅरिस यांची बहीण डोरीन जेन्सन स्वतः कोरीव काम करायच्या. त्या सांगत की गित्क्सान भाषेत 'कला' असा वेगळा शब्दच नाही. म्हणजे कला नव्हती असं नाही. ती सगळ्यात इतकी मुरलेली होती की वेगळी काढून नाव द्यायची वेळ आली नाही.

किंमतीची चिठ्ठी लावणारे मात्र बहुतेकदा दुसरेच. १८६३ साली डंकनने मेटलाकाटलाहून बऱ्याच वस्तू रॉबर्ट डंडस नावाच्या पाद्र्याला दिल्या. लोकांनी धर्म बदलताना सोडलेले मुखवटे, पेट्या, खुळखुळे. ते इंग्लंड-स्कॉटलंडकडे गेले आणि त्या घराण्यात राहिले. २००६ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला लिलाव झाला. सगळे मिळून सुमारे ७० लाख अमेरिकी डॉलर. एक मुखवटा एकटाच १८ लाखांना. पुढच्या वर्षी त्यातल्या वस्तू प्रिन्स रुपर्टला बघायला मिळाल्या तेव्हा ज्यांच्या पणजोबांच्या त्या होत्या त्यांनी काचेतून पाहिल्या. मी तेव्हा इथे नव्हते. पण त्याबद्दल बोलताना माणसं अजून मधेच थांबतात.

नव्यांपैकी डेव्हिड बॉक्सली यांचं काम बघा. हे त्याच अलास्कातल्या मेटलाकाटलाचे, जिथे सगळं सोडून लोक गेले होते. शाळामास्तर होते. शिकवायला आपल्यात कुणी उरलं नव्हतं, म्हणून संग्रहालयातल्या वस्तू बघून बघून शिकले. १९८६ ला नोकरी सोडून पूर्णवेळ कोरायला लागले. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकन इंडियन संग्रहालयात २०१२ ला उभा राहिलेला खांब त्यांचा.

---

बुरूडआळी

शीर्षकात टोपल्या आहेत आणि एवढ्या प्रतिसादांत एकही टोपली नाही. नेहमीचंच. बाप्यांचं लाकूड आधी, बायकांची टोपली शेवटी.

आमची पाच पिढ्या बुरूडकी. आता मी सोडून कुणी करत नाही, मीही रविवारचा. आम्ही बांबू अमावास्येच्या अंगाला तोडतो, पुनवेला तोडला तर भुंगा लागतो अशी आमच्यातली समजूत. तिथे कसली टोपली? बांबू तर नसणारच. कामट्या कशाच्या? तळ कसा धरतात? सविस्तर लिही ताई, फोटोपुरतं नको.

---

स्कीनाकाठ

दादा, रागावू नका, टोपली मुद्दाम राखून ठेवली होती. गेल्या उन्हाळ्यात एका सिमशियन विणकर बाईंकडे शिकायला गेले होते. त्यांना विचारलेलं नाही म्हणून नाव देत नाही.

किनाऱ्याकडची टोपली रेड सीडरच्या सालीची. बाहेरची खरबरीत साल नव्हे, तिच्या आतला लवचिक पापुद्रा. तो काढायचा मोसम मे-जूनचा, झाडात रस चढतो तेव्हा. आम्ही गेलो तेव्हा बाईंनी आधी अर्धा तास नुसती झाडं बघितली. खोड सरळ हवं, खालच्या अंगाला फांद्या नकोत, पिळा नको. मग एका झाडाला हात लावून हळू आवाजात काही बोलल्या, आभार मानले. बुंध्याशी दोन तळहात रुंदीची आडवी चीर दिली, साल जराशी उचकटली आणि दोन्ही हातांनी धरून मागे मागे चालत गेल्या. साल वर वर सोलत जाते, निमुळती होते आणि वरून कुठून तरी सुटून सपकन खाली येते. आवाज ऐकण्यासारखा आहे, ओलं कापड फाडल्यासारखा. पट्टा माझ्या घराच्या उंचीपेक्षा लांब. एका झाडावर एकच पट्टा. जास्त घेतलं तर झाड मरतं.

बाहेरची साल तिथेच रानात सोलून टाकायची. आतली घडी घालून घरी, सावलीत वाळवायची आणि वर्षभर ठेवायची. (मी पहिल्याच दिवशी टोपली होणार म्हणून डबा घेऊन गेले होते.) मग भिजवायची, पदर सुटे करायचे, एकसारख्या पट्ट्या कापायच्या. पट्ट्यांच्या रुंदीतच निम्मं कसब आहे.

विणीचे मुख्य दोन प्रकार शिकले. एक साधी चटईची, एक खाली एक वर. चटया, पिशव्या तशा. दुसरी दुपेडी: उभ्या पट्ट्यांभोवती दोन बारीक धागे एकमेकांना पीळ देत फिरवायचे. टोपीला, बारीक टोपलीला ही. नक्षी काढायची तर रंगवलेलं किंवा पांढरं गवत त्या दुपेडी धाग्याच्या फक्त बाहेरच्या वळणावर गुंडाळत न्यायचं. बाहेरून भरतकाम दिसतं, आत हात घातला तर काही नाही. काळ्या रेषेसाठी मेडनहेअर नेच्याचे देठ वापरतात.

वरच्या खोऱ्यातल्या गित्क्सान बायकांची टोपली वेगळी. तिथे बर्चची साल. एक अखंड ताव कापून, दुमडून, मुळांच्या दोऱ्याने शिवायचा, काठाला डहाळीचं कडं. विणायचं नाहीच. ती बोरं वेचायला. हकलबेरी आणि तसल्या रानबोरांच्या जागा घराण्यांच्या मालकीच्या होत्या आणि ठरावीक वर्षांनी त्या जाणूनबुजून जाळत, म्हणजे झुडपं जोमाने फुटतात. बोरं शिजवून, थापून, वड्या वाळवून हिवाळ्याची बेगमी. म्हणजे खांबावर घराण्याची जमीन कोरलेली, आणि टोपलीत त्याच जमिनीचं पीक.

तुमचं म्हणणं खरं आहे. संग्रहालयात खांबाखाली निदान घराण्याचं नाव असतं. टोपलीखाली 'सिमशियन, विणकर अज्ञात'. मेटलाकाटलाच्या बायकांनी विकण्यासाठी ढिगाने टोपल्या केल्या. मिशनऱ्यांना त्यात आक्षेपार्ह काही दिसलं नाही. गंमत अशी की त्यामुळेच हात शाबूत राहिला. आज पुरुषही विणतात. प्रिन्स रुपर्टचे विल्यम व्हाइट सीडरच्या सालीचं आणि लोकरीचंही विणकाम शिकवत आलेत. चिल्कॅट नावाची जी प्रसिद्ध झालरीची शाल आहे, पहाडी बकऱ्याच्या लोकरीची आणि सीडरच्या सालीची, तिचं मूळ सिमशियनांकडे असल्याचं मानतात. उत्तरेला अलास्काकडच्या त्लिंगिट लोकांनी पुढे तिचं नाव केलं.

---

तारीखपेतारीख

त्या सोललेल्या झाडाबद्दल एक. पट्टा काढलेल्या जागी झाड कडेने नवं लाकूड चढवत राहतं, पण व्रण बुजत नाही. खोडाची वलयं मोजून कोणत्या वर्षी साल काढली ते सांगता येतं. ब्रिटिश कोलंबियात १८४६ पूर्वीच्या अशा झाडांना कायद्याचं संरक्षण आहे, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. १८४६ का? ब्रिटिश सार्वभौमत्वाची तारीख म्हणून. डेलगामूक्व निकालातही तेच वर्ष आहे: त्या साली हा मुलुख कुणाच्या ताब्यात होता ते दाखवा.

तेव्हा कुणा बाईने टोपलीसाठी दोन तळहात साल काढली, तोही आता पुराव्याचा कागद झालाय.

---

खवचट_काका

हं. हे मात्र खास. काही बोलत नाही आता.

प्लास्टिकचा टोटेम मीही घेतला होता. फ्रिजवर आहे. सौ. म्हणतात काढा.

---

पटाशी

असू द्या काका, चुंबक तरी बरा आहे ना?

स्कीनाकाठ, तिकडे एवढी झाडतोड होते तर सालीला योग्य झाडं उरलीत का?

---

स्कीनाकाठ

लागवडीची कोवळी झाडं भरपूर. पण सरळ, बिनफांद्यांची, जुनी झाडं शोधायला आता लांब जावं लागतं. खांबाला लागणारी तर त्याहून. आमच्या बाई गाडीतून जाताना बोलता बोलता रस्त्याच्या कडेची झाडं मोजत असतात, सवयच लागलीय त्यांना. शिवाय झाड दिसलं म्हणून काढता येत नाही. ते कुणाच्या लाख्यिपमध्ये आहे, त्यांना विचारावं लागतं.

---

बुरूडआळी

आता बरं वाटलं. तुझ्या टोपलीचा फोटो टाक. वरचा नको, बुडाचा टाक. विणकर बुडावरून कळतो.

---

स्कीनाकाठ

टाकलाय. हसू नका.

---

बुरूडआळी

हसत नाही. सुरुवातीच्या उभ्या पट्ट्या सैल धरल्यास, म्हणून एका अंगाला झुकलीय. दुसरी-तिसरी ओळ घट्ट ओढून तू ते लपवायला बघितलंस, तिथे साल चिरलीय. आमची आजी असती तर सगळी उसवायला लावली असती. पट्ट्या कापल्यास मात्र एकसारख्या, ते सोपं नाही. भिजव आणि उसव. साल तीच वापरता येईल.

---

स्कीनाकाठ

बाईंनीही शब्दाला शब्द हेच सांगितलं होतं. मी म्हटलं होतं की पहिली आहे, आठवण म्हणून राहू दे.

उसवते. जूनमध्ये साल काढायला पुन्हा बोलावलंय, तोवर हीच परत विणून बघते. फक्त आईने जाताना तिच्यात लसूण भरून ठेवलाय, तो आधी संपवायला हवा.